सरी गाठ

दोरी तुटली नाही, सुटली. या दोन शब्दांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी माझ्याशी त्या पाळण्याबद्दल बोलूच नये, असं मी सांगून ठेवलं आहे. तरी बोलतात. परवा एका लग्नात शेजारच्या पानावरच्या बाईंनी विचारलं, "तुमचाच ना तो पाळणा, दोरी तुटलेला?" मी भरल्या पानावरून उठले नाही, एवढाच माझा चांगुलपणा.

मला गाठींचा नाद आहे. सुती दोर घ्यायचा, त्याचा पीळ बघायचा, तो किती ओझं सोसेल याचा अंदाज घ्यायचा आणि बांधत बसायचं. कुंड्यांची शिंकाळी, पडद्यांचे गोंडे, किल्ल्यांना लावायच्या गोल मुठी, झालंच तर स्कूटरच्या मागे मिक्सरचा खोका बांधणं. शोभेची गाठ आणि कामाची गाठ असा भेद मी करत नाही. जी सुटायची तेव्हाच सुटते ती चांगली. माझ्या पर्समध्ये हातभर दोर कायम असतो आणि बँकेत नंबर येईपर्यंत माझी बोटं चालू असतात.

आमचे हे, म्हणजे अरविंद, याला 'गुंता' म्हणतात. "प्रेमा, तुझा गुंता आवर, पाहुणे यायचेत." आमच्या मुलाच्या, आशयच्या मुंजीपासून हा विनोद चालला आहे आणि आशयला आता मुलगी झाली. हे सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. यांच्या सहीशिवाय एक स्क्रू फाटकाबाहेर जात नसे, हे आमच्या कामवाल्या बाईंनाही पाठ आहे. स्वतः मात्र बुटाच्या नाडीपलीकडे कधी गेले नाहीत. लग्न करून पुण्याहून इकडे कन्नड मुलखात, मल्लेश्वरमला आले तेव्हापासून यांचे खोके, गाद्या, सतरंज्या मीच बांधते आहे.

हर्षिताला, माझ्या सुनेला, दिवस गेले तेव्हा मी तिला विचारलं, बाळाचा पाळणा मी केला तर चालेल का. ती खूश झाली. "करा ना आई. बारशाला त्यातच घालू," म्हणाली. मग मी मागेपुढे बघितलं नाही. तळ दुहेरी विणला. बाजूची जाळी इतकी बारीक घेतली की बाळाचं बोटसुद्धा अडकू नये. वर सागवानी कडं, कड्यातून एकच जाड दोर, तो छताला बांधायचा. पुरा झाल्यावर तांदळाची मोठी पिशवी त्यात घालून दोन दिवस बाल्कनीत टांगून ठेवला. एक गाठ हलली नाही. हे येता-जाता पिशवीला हात लावून म्हणायचे, "वा, तांदळाचं बारसं कधी?"

बारसं याच शहरात, चामराजपेटला होतं, हर्षिताच्या माहेरी. ती मंडळी तीन-साडेतीनशे वर्षांपासून इकडची. मराठी बोलतात, पण त्यात कन्नड अशी मिसळलेली की नवख्याला शिवण सापडत नाही. तिला आई नाही. वडील गिरीराजराव, बाजारपेठेत विजेच्या सामानाचं दुकान आहे त्यांचं. घरातलं सगळं त्यांच्या बहीण सकवारबाई बघतात. दिवाणखान्याच्या तुळईला लोखंडी कडी आहे, पिढ्यान्‌पिढ्या तिलाच पाळणा लागतो. मी आदल्या आठवड्यात जाऊन ती कडी बघून आले होते. भक्कम होती.

त्या सकाळी आम्ही लवकर पोचलो. मी पाळणा खोलीत ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, वरची गाठ मी बांधणार. तेवढ्यात माझ्या नणंदेचा, प्रणिताचा फोन आला. तिच्या रिक्षावाल्याने तिला भलत्याच मेन रोडला, भलत्याच क्रॉसला, म्हणजे आडव्या गल्लीत, सोडलं होतं आणि ती एका दवाखान्यासमोर उभी राहून रडवेली झाली होती. तिला आणायला मी गेले. माझ्याच पायांनी गेले, म्हणून आणखी चीड येते.

परत आले तर पाळणा टांगलेला. कडीपासून खालपर्यंत झेंडूच्या माळांनी असा मढवलेला की वरची गाठ दिसेना.

"झालं काम," हे म्हणाले. "गिरीराजराव आणि मी, दोघांनी मिळून केलं."

"मी बांधणार होते ना?"

"अगं, व्यवस्थित बांधलंय. एका गाठीला काय तुझीच पदवी लागते?"

पाहुणे येऊ लागले होते. मी कड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. धरलं त्याने. माळा काढून गाठ बघायला हवी होती, पण सकवारबाई कौतुकाने उभ्या होत्या आणि हर्षिता बाळाला नटवून बाहेर येत होती. मी कडं सोडलं.

त्यांच्याकडे पाळण्यात आधी वरवंटा घालतात. त्याला कुंची घालून, काजळ लावून, नाव गुंडप्पा. आमच्याकडेही कुणी कुणी घालतात, पण मला ते नको होतं. एवढा दगड कशाला, म्हटलं होतं मी. सकवारबाईंनी ऐकलं नाही, आणि आता मी त्या बाईच्या पाया पडायला तयार आहे. त्यांनी गुंडप्पाला पाळण्यात ठेवलं आणि गाणं म्हणत पाळण्याला झोका दिला. पहिला झोका गेला. दुसऱ्याला पाळणा आला तो सरळ खालीच.

तो आवाज मी विसरणार नाही. फरशीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला आणि गुंडप्पा कुंचीसकट टेबलाखाली घरंगळला. बाळ, आमची इरा, हर्षिताच्या हातांवर होती. तीच पुढे पाळण्यात जायची होती, गुंडप्पानंतर लगेच. मी भिंतीला टेकले.

पहिली बोलली ती प्रणिता. "दोरी तुटली," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वहिनी, हौस ठीक आहे गं. पण तान्ह्या बाळावर कशाला?"

जिला मी रस्त्यावरून शोधून आणलं होतं ती हे म्हणाली. मी यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. छताकडे बघत बघत म्हणाले, "मी म्हणत होतो हिला, स्टीलचा आणू म्हणून."

कधीच म्हणाले नव्हते. स्टील हा शब्द त्यांच्या तोंडून त्या पाळण्याच्या बाबतीत पहिल्यांदा तेव्हा निघाला.

हर्षिताने बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. तिचे शब्द स्वच्छ होते. "सॉरी, आई. मी हिला ह्याच्यात ठेवणार नाही. आज नाही आणि नंतरही नाही." मग आशयला म्हणाली, "समोरच्यांकडे स्टीलचा पाळणा आहे. घेऊन ये." माझा मुलगा माझ्याकडे न बघता बाहेर पडला.

तिचं काय चुकलं? तिच्या जागी मी असते तर पाळण्यासकट सासूलाही बाहेर काढलं असतं. पण मला दिसत होतं पुढे काय होणार ते. आजीच्या पाळण्यातून पडता पडता वाचली, ही गोष्ट त्या पोरीला तिच्या प्रत्येक वाढदिवसाला सांगितली जाणार. मी तिला अंघोळ घालायला घेतलं की कुणीतरी जवळ येऊन उभं राहणार. माझ्या हातांवर त्या घरात पुन्हा कुणी भरवसा ठेवणार नाही. आणि तो स्टीलचा पाळणा दारातून आत येऊन त्यात एकदा बाळ निजलं की संपलं. मग मी काहीही सांगितलं तरी ते रडगाणं.

मी खाली बसले आणि दोर हातात घेतला.

तुटलेल्या दोराला टोकाशी मिशा फुटतात, धागे पिंजारतात. हा दोर अख्खा होता. टोकाला मी स्वतः गुंडाळलेला दोरा जागच्या जागी. सागवानी कडं, जाळी, तळ, माझी एकही गाठ हललेली नव्हती. वरच्या टोकाला मात्र निरगाठीचे वळ नव्हते. निरगाठ घट्ट बसली की सुती दोरावर तिचा मार उमटतो, लगेच जात नाही. इथे नुसती एक मऊ मुरड होती आणि दोराच्या मोकळ्या शेपटाला झेंडूची माळ. माळ जाड सुतळीत ओवलेली. तिचं एक टोक शेपटाला, दुसरं पाळण्याच्या काठाला. पाळणा झुलला की माळ ओढली जाणार, माळेबरोबर शेपूट. शेपूट ओढल्यावर सुटते अशी गाठ जगात एकच आहे. परकराच्या नाडीला बायका रोज मारतात ती.

"दोरी तुटली नाही," मी म्हणाले. "सुटली."

"आता ते काय वेगळं आहे?" प्रणिता म्हणाली.

मी मान वर केली. "गिरीराजराव, वर कुणी बांधलं?"

"अण्णांनी, अक्का," ते यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले. "मी खाली स्टूल धरून उभा."

"कुठली गाठ घातली त्यांनी?"

"सरी गाठ," गिरीराजराव म्हणाले. "मीच सांगितलं. सरी गाठ घाला अण्णा, लेकरू निजायचंय त्यात. स्वल्प ओढून पण बघा म्हटलं."

"सुरगाठ?"

"हां. सरी गाठ."

"सुरगाठ घाला म्हणालात तुम्ही? पाळण्याला?"

ते गोंधळले. सकवारबाई मध्ये पडल्या. "त्यात काय चुकलं, अक्का? सरी गाठच घालायला पाहिजे की. सरी म्हणजे सरी. नीट. बरोबर."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी भाजीवाल्याकडून, रिक्षावाल्याकडून, खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून दिवसातून पन्नास वेळा कन्नडमध्ये ऐकते, सरी, सरी. बिचाऱ्या गिरीराजरावांनी नीट गाठ घाला म्हणून सांगितलं होतं. आणि स्टुलावर उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला ऐकू आली सुरगाठ. का नाही येणार? निरगाठ, सुरगाठ हे शब्द घरात मीच तर सतत बोलत असते. त्यांच्या कानात अर्धा का होईना, माझा गुंता शिरला होता.

मी यांच्याकडे वळले. "तुम्ही सुरगाठ मारलीत?"

"मी विचारलं होतं त्यांना," हे हळू आवाजात म्हणाले. "सुरगाठ का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, हां, सरी. मला वाटलं यांच्याकडे तशी पद्धत असेल. नंतर सोडायला सोपं."

"लेकराच्या पाळण्याला सुटणारी गाठ मारायची पद्धत?"

"ऐकण्यात चूक झाली, प्रेमा. माणसाची होते."

"ऐकण्यातल्या चुकीवर मी रागावलेली नाही," मी म्हणाले. आवाज चढवला नाही. आवाज चढवला की लोक शब्द सोडून आवाजच ऐकतात. "पाळणा पडला तेव्हा वर कुठली गाठ होती हे या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं. माझ्या हातांना सगळे नावं ठेवत असताना तो माणूस छताकडे बघत होता. आणि वर म्हणाला, मी म्हणत होतो हिला."

"इथे नको. पाहुणे आहेत," हे म्हणाले.

"मघाशीही होते."

दारात खडखड झाली. आशय आणि समोरचे गृहस्थ स्टीलचा पाळणा घेऊन उंबऱ्यात उभे होते. पाळण्यात कुणाची तरी वाळलेली चादर तशीच होती. "तिथेच ठेव," मी आशयला सांगितलं. त्याने ठेवला. माझा तो आवाज त्याला लहानपणापासून माहीत आहे.

रागात मी महत्त्वाचं काही बांधत नाही. रागातल्या हाताला ओढ आवरत नाही, गाठ नको इतकी आवळते. त्या दिवशी मी तो नियम मोडला. इरकलीचा पदर खोचला, झेंडू ओरबाडून फेकले आणि स्टुलावर चढले. गिरीराजराव खाली स्टूल धरून उभे राहिले. मी कडीतून दोन वेढे घेतले, त्यावर एक निरगाठ, तिच्यावर दुसरी, आणि दातओठ खाऊन ओढली. तळव्यांना दोर काचला. बरं वाटलं.

खाली उतरून पाळणा कड्यापासून सोडवून बाजूला ठेवला. नुसता दोर आणि कडं तेवढं लोंबत राहिलं.

"या," मी यांना म्हणाले. "धरा."

"काय?"

"कडं धरा दोन्ही हातांनी आणि पाय उचला. आयुष्यभर तपासणी केलीत ना. करा तपासणी."

"प्रेमा, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच."

त्यांनी आशयकडे बघितलं, गिरीराजरावांकडे बघितलं. कुणी मदतीला आलं नाही. मग त्यांनी रेशमी कुडत्याच्या बाह्या मागे सारल्या, कडं धरलं आणि पाय उचलले. चांगले ऐंशी किलोचे आहेत. तुळई कुरकुरली, दोर ताठ झाला, गाठ जागची हलली नाही. हे गुडघे पोटाशी घेऊन चामराजपेटच्या त्या दिवाणखान्यात हळूहळू फिरत राहिले. आधी पाठ दिसली, मग चेहरा.

चेहरा समोर आला तेव्हा हर्षिताने विचारलं, "बाबा, ती गाठ तुमची होती?"

"हो," हे म्हणाले. त्यांचा श्वास अडकत होता. "माझी होती. आईची नव्हती."

"आणि स्टीलचा आणू म्हणाला होतात?"

ते अर्धा वेढा फिरून गेले, आम्हाला पुन्हा पाठ दिसली. "नाही," पाठ म्हणाली. "तसं काही म्हणालो नव्हतो."

कुणी हसलं नाही. प्रणिता खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, उतरा आता.

पाळणा मी परत कड्याला लावला. हर्षिताने बाळ आशयकडे दिलं, टेबलाखालून गुंडप्पाला काढलं, फुंकर मारली आणि स्वतः पाळण्यात ठेवलं. मग तिने पाळण्याला झोके दिले. गाण्याबिण्यातले नव्हेत, चिडून दिलेले, भिंतीला लागेल इतके उंच. ती कुणावर चिडली होती ते मी विचारलं नाही. ती थकेपर्यंत देत राहिली आणि आम्ही सगळे बघत राहिलो. शेवटी तिने पाळणा हाताने थांबवला, दगड काढून सकवारबाईंच्या हातात दिला आणि बाळ घेतलं. मला म्हणाली, "आई, तुम्ही त्या बाजूला या." पाळण्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. बाळ खालून माझ्याकडे आलं, वरून तिच्याकडे गेलं, आणि मग तिने इराला माझ्या पाळण्यात निजवलं. मला रडू आलं. रागाचं होतं ते, आणि दुसरंही होतं.

घरी जाताना रिक्षात हे म्हणाले, "राग गेला का?" मी रस्त्याकडे बघत बसले.

इरा तीन महिन्यांची झाल्यावर मल्लेश्वरमला आली. निघायच्या दिवशी गिरीराजरावांचा फोन. "अक्का, गाठ सुटत नाही हो. काय करू? सगळं करून बघितलं." मी सांगितलं, कडीतला वेढा कापा. गाठ त्यांनी पिशवीत घालून पाठवली, लिंबाएवढी, दगडासारखी टणक. दुसऱ्या दोराने पाळणा आता आमच्या दिवाणखान्यात लागला आहे. वरची गाठ अर्थात मीच घातली, आणि ती शांतपणे घातली.

ती जुनी गाठ मी यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. काय आहे हे, त्यांनी विचारलं. गुंता आहे, मी म्हटलं, सोडवा. तेव्हापासून रोज संध्याकाळी चष्मा लावून बाल्कनीत बसतात, दाभण घेऊन. मागून पाळण्याचा आवाज येत असतो. एकदा त्यांचं बोट सोललं, त्याला मीच हळद लावली. मध्ये मध्ये माझ्याकडे बघून विचारतात, "गेला का गं राग?"

"ती सुटली की विचारा," मी म्हणते.

दाभणाने ती सुटणार नाही. टोचलं की धागे फुटतात आणि ती जास्तच धरून बसते. लाकडी ठोकळ्यावर ठेवून, चहूबाजूंनी फिरवत, हलक्या हाताने ठोकत राहिलं की पीळ ढिला होतो आणि मग ती बोटांनी निघते. अर्ध्या तासाचं काम आहे. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.